गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाताय? विमानाच्या तिकिटाआधी हॉटेल ठरवा

लातूर, परभणी, नांदेडकडून काश्मीरला जाणाऱ्या बहुतेक सहलींत गुलमर्ग एका दिवसात उरकतात. सकाळी श्रीनगरहून गाडी, दुपारी गोंडोला म्हणजे तिथला रोपवे, भाड्याच्या गमबुटात थोडी घसरगुंडी, फोटो, आणि संध्याकाळी परत. यात स्कीइंग होत नाही. कुणीतरी पायाला स्की अडकवून देतो, हाताला धरून दहा मिनिटं ओढतो, तेवढंच. खरंच शिकायचं असेल तर गुलमर्गातच किमान पाच रात्री मुक्काम हवा. मग सगळा भार हॉटेलवर येतो. दिवसभर बर्फात पडून, ओले हातमोजे आणि दुखऱ्या मांड्या घेऊन आपण जिथे परततो, ती खोली उबदार आणि तिथली माणसं जिव्हाळ्याची असली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट चढवायची उमेद राहते. नसली तर दुसऱ्याच रात्री पोरं म्हणतात, घरी चला. उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस अंश सहज सोसणाऱ्या आपल्या अंगाला तिथली थंडी नवी असते. म्हणून नजाऱ्यावर आणि स्वस्त पॅकेजवर भाळण्याआधी ऊब आणि माणसं बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

कधी जायचं

हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. हा कडाक्याचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. उतारांवर भरवशाचा थर बहुधा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीभर मिळतो.

शेतकरी घरांना हा काळ चांगला जुळतो. येळवस होऊन गेलेली असते, तूर घरात आलेली असते आणि हरभरा, ज्वारी काढणीला अजून थोडा अवकाश असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळा. गर्दी प्रचंड, दर चढे, आणि बर्फाची खात्री नाही. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गची मैदानं बराच काळ कोरडी होती, बर्फ पडला तो महिना सरता सरता. म्हणूनच तारीख बदलून देणारं हॉटेल हवं. ‘बर्फ नसेल किंवा रस्ता बंद असेल तर तारीख पुढे ढकलता येईल का?’ हा प्रश्न आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, बहुधा फेब्रुवारीत. त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड जातं. तारखा जाहीर झाल्या आहेत का, ते बघूनच नक्की करा.

उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलंग हे पर्याय आहेत, पण पहिल्यांदा शिकणाऱ्या कुटुंबाला मी गुलमर्गच सुचवतो. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचल्यापासून तिथून औलीला जाणारा मोठा रोपवे बंद पडला आणि भार रस्त्यावर आला. सोलंगला उतार छोटा आणि नुसतं बघायला येणाऱ्यांची गर्दी फार.

हॉटेल नेमकं कुठे हवं

गुलमर्ग म्हणजे साधारण २,६५० मीटर उंचीवरचं वाटीसारखं पठार. एका कडेला गोंडोलाचं स्टेशन आणि त्याच्या आसपास शिकाऊ लोकांचे सौम्य उतार. हॉटेलं वाटीच्या कडेने विखुरलेली. नकाशावर सगळी जवळजवळ दिसतात, पण गुडघाभर बर्फात, पायात स्कीचे टणक प्लास्टिकचे बूट घालून अर्धा किलोमीटर चालणं म्हणजे शिकायच्या आधीच दम संपवणं. ‘गोंडोलापासून किती लांब?’ असं न विचारता ‘शिकाऊ उतारापर्यंत पायी किती मिनिटं, आणि वाट चढाची आहे की सपाट?’ असं विचारा. दहा मिनिटांहून जास्त सांगितलं तर स्कीचे बूट उताराजवळच्या दुकानात ठेवायची सोय आहे का, ते विचारा.

खाली १३ किलोमीटरवर टंगमर्ग आहे. तिथे राहणं स्वस्त पडतं. पण बर्फ पडला की वरचा रस्ता कधी उघडेल याची रोज सकाळी वाट बघावी लागते आणि शिकवणीचा पहिला तास बुडतो. नुसतं फिरायला जाणाऱ्यांना टंगमर्ग चालेल, शिकणाऱ्यांना नाही.

वर सगळ्या प्रकारची हॉटेलं आहेत. १८८८ पासूनचं नेडूज, बंगलीवजा खोल्यांचं जुनं हायलँड्स पार्क, आलिशान खैबर, पर्यटन महामंडळाच्या हट आणि घरच्या माणसांनी चालवलेली मध्यम दर्जाची कितीतरी. मोठ्या कुटुंबाला हट बऱ्या, कारण सगळे एका छताखाली राहतात. शिकणाऱ्या जोडप्याला किंवा चौघांना मी मध्यम दर्जाचं, मालक स्वतः हंगामभर हजर असणारं हॉटेल सुचवेन. मालक जागेवर असला की कामं अडत नाहीत.

फोन करा, आणि मुद्दाम दोनदा करा

ॲपवरचे फोटो बहुतेक उन्हाळ्यातले असतात. हिरवळ, फुलं, गच्चीवर चहा. हिवाळ्यात त्याच खोलीचं काय होतं हे फोनवरच कळतं. मी आधी दुपारी फोन करायला सांगतो, मग रात्री नऊला पुन्हा. रात्री फोन उचलला जातो का आणि उचलणारा कसा बोलतो, यावरून रात्री दोन वाजता गिझर बंद पडला तर काय होईल याचा अंदाज येतो.

“कमरा गरम रहेगा, साहब, फिकर मत कीजिए” हे सगळेच म्हणतात. तिथे थांबू नका. “गरम कसा होतो? हीटिंग किती ते किती चालतं? लाइट गेली तर?” असं एकेक विचारा. ज्याला आपलं हॉटेल ठाऊक आहे तो लगेच सांगतो, संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ, जनरेटर आहे, पण जनरेटरवर हीटर चालत नाही, तेव्हा बुखारीची शेगडी पेटवून देतो. असं उणं-अधिक सांगणारा माणूस मला ‘सब मिलेगा’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो.

खोली गरम करण्याचे प्रकार समजून घ्या, कारण दरातला मोठा फरक इथेच असतो. सेंट्रल हीटिंग सगळ्यात निर्धास्त आणि सगळ्यात महाग. हमाम ही काश्मीरची जुनी सोय आहे. दगडी फरशीखाली पोकळी ठेवतात, बाहेरून लाकडं पेटवतात आणि अख्खी जमीन तापते. पाण्याची तांब्याची टाकीही तिथेच तापते. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर हमामची बैठक असलेलं हॉटेल शोधाच. गुडघे धरलेली आजी त्या फरशीवर गालिच्यावर पाय पसरून बसली की तिला उठवणं अवघड जातं. बुखारी म्हणजे धुरांडं असलेली लोखंडी शेगडी, लाकडावर किंवा कोळशावर चालणारी. खोली झपाट्याने तापते, पण विझली की तितकीच झपाट्याने गार पडते. इलेक्ट्रिक ब्लँकेट हे चादरीखाली अंथरायचं असतं, झोपायच्या अर्ध्या तासाआधी लावायचं आणि अंथरुणात शिरल्यावर कमी किंवा बंद करायचं.

आणखी विचारा: गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी? ओले कपडे आणि बूट वाळवायला गरम जागा आहे का? हे दोन्ही नसतील तर बाकी कितीही छान असलं तरी ते हॉटेल शिकणाऱ्याच्या कामाचं नाही. जेवणाचा दर ठरवताना ‘एमएपी’ घ्या, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यातच येतं. दुपारी तुम्ही उतारावरच असता.

एक गोष्ट जिवाशी संबंधित

बंद खोलीत गॅस हीटर, कोळशाची शेगडी किंवा कांगडी (वेताच्या टोपलीतलं निखाऱ्यांचं मडकं) पेटती ठेवून कधीही झोपू नका. कोळसा आणि गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. काश्मीरमध्ये हिवाळ्यात दरवर्षी अशा दुर्घटना घडतात, आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवून घेण्याचा मोह पाहुण्यांनाच जास्त होतो. बुखारीचा धूर धुरांड्यातून बाहेर जातोय ना, ते कर्मचाऱ्याला दाखवायला सांगा, झोपण्याआधी ती विझवून घ्या आणि खिडकीची एक झडप बोटभर उघडी ठेवा. रात्री रजई, गरम पाण्याची पिशवी आणि ब्लँकेट पुरेसं असतं. हॉटेलवाला गॅस हीटर रात्रभर चालू ठेवा म्हणाला तर ठाम नकार द्या.

बांधाबांध

सुती कपडे घरी ठेवा. सुती बनियन घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. स्कीची पँट-जॅकेट गुलमर्गात भाड्याने मिळते, त्यासाठी आधी हजारो रुपये घालू नका. हातमोजे मात्र चांगले आणि दोन जोड घ्या. गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे, गॉगल, कानटोपी, ओठांना लावायचं मलम आणि सनस्क्रीन. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन मे महिन्यातल्या उन्हाइतकंच चेहरा भाजतं. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा.

खाऊच्या पिशवीत पहिल्या दोन दिवसांपुरते धपाटे, त्यानंतरसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळगूळ. आणि येसर. मराठवाड्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं हे पीठ तिथे फार उपयोगी पडतं. धान्य, डाळी आणि मसाला भाजूनच दळलेला असल्याने स्वयंपाकघरातून पातेलंभर उकळतं पाणी आणि फोडणी मिळाली की दहा मिनिटांत आमटी होते. आचाऱ्याला आधी थोडी चाखायला द्या. पुढच्या दिवशी तो स्वतःच विचारतो, आज करायची का?

महिनाभर आधीपासून पायांची तयारी करा. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवर बसल्यासारखं बसणं, बैठका, जिने. देवगिरीचा किल्ला दोन-चार रविवारी चढून या. स्कीइंगमध्ये सगळा भार मांड्यांवर येतो.

पोचायचं कसं

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरकरांना सचखंड एक्सप्रेस थेट दिल्लीला नेते. संभाजीनगरहून विमानही आहे. लातूर-धाराशिवकडच्यांना पुणे किंवा हैदराबादहून उडणं सोयीचं. रेल्वेने जाणार असाल तर दिल्लीत एक रात्र हाताशी ठेवा. जानेवारीच्या धुक्यात गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि पुढचं विमान चुकतं. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे. सवड असेल आणि चिनाबचा पूल बघायचा असेल तर हा रस्ता सुरेख आहे.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या, नाहीतर विमानतळावर हॉटेलच्या गाडीवाल्याला शोधता शोधता हाल होतात.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. बर्फ असला की टंगमर्गला साध्या गाड्या थांबवतात आणि पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीतून जावं लागतं. हे भाडं वेगळं असतं. विमानतळ ते हॉटेलचं दार असा पूर्ण प्रवास हॉटेलकडूनच ठरवून घ्या, म्हणजे टंगमर्गची गाडी, सामान चढवणं-उतरवणं सगळं त्यांच्याकडे जातं. टंगमर्गला कोट-गमबूट भाड्याने द्यायला लोक घोळका करतील. तुम्ही हॉटेलात राहणार आहात, वर सगळं मिळतं, असं हसून सांगा आणि पुढे चला. वर पोचल्यावर स्लेजवाले, म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारे, अडवतील. त्यांचंही पोट त्याच हंगामावर आहे, तेव्हा वसकन अंगावर जाऊ नका. हॉटेलच्या माणसाला योग्य दर विचारून ठेवा आणि सामानासाठी एखादी स्लेज करा.

पहिली संध्याकाळ

आपली गावं समुद्रसपाटीपासून साडेतीनशे ते सहाशे मीटरवर. एका दिवसात २,६५० मीटर उंचीवर पोचल्यावर डोकं थोडं दुखणं, धाप लागणं, झोप तुटक होणं हे बऱ्याच जणांना होतं. त्या दिवशी उतारावर जाऊ नका. पाणी आणि कहवा पीत राहा, हलकं जेवा, लवकर झोपा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावं. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवतवर, जवळपास ३,९५० मीटरला. ज्येष्ठांनी पहिल्या टप्प्यावरच समाधान मानावं. तिकिटं ऑनलाइन आधी काढून ठेवा, कारण ती लवकर संपतात.

त्याच संध्याकाळी तीन कामं करा. नळ रात्री थोडा वाहता ठेवायचा का, ते विचारा. पाइप गोठू नये म्हणून काही हॉटेलं तसं सांगतात. आपल्याला पाणी वाहतं ठेवणं जिवावर येतं, पण तिथे त्यांचं ऐका. दुसरं, मालकाशी किंवा मॅनेजरशी बसून प्रशिक्षक ठरवा. पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेला, मुलांना शिकवणारा, दोन तासांचा नाही तर रोजचा आणि शेवटपर्यंत तोच. जास्त दिवस काढता येत असतील तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था गुलमर्गातच आहे, तिथले अभ्यासक्रम बघा. तिसरं, साहित्य आजच मापून घ्या. सकाळी दुकानात घाई असते.

बुटाचं माप असं बघा: एकच जोड मोजा घालून पाय आत घाला. सरळ उभं राहिलं की बोटं टोकाला टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. थंडीच्या भीतीने दोन मोजे घालू नका. रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. शिकाऊ माणसाला छाती ते हनुवटीएवढी स्की पुरे. दुकानदाराला आपलं वजन खरं सांगा, कारण पडल्यावर स्की पायातून सुटण्याचा ताण त्यावरही ठरतो. हा ताण जास्त राहिला तर गुडघा पिळवटतो. हेल्मेट प्रत्येकाला.

शिकायचे दिवस

सकाळी पोटभर खा. पराठा, ऑम्लेट, काश्मिरी रोटी, जे मिळेल ते. पहिला दिवस नुसता पडण्यात आणि उठण्यात जातो, आणि तसाच जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणून, मागची फाकवून वेग कमी करायला जमतं. मुलांना प्रशिक्षक ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. तिसऱ्या दिवसापासून वळणं. चौथ्या दिवशी उतारावरच्या स्की-लिफ्टने वर जाऊन एकट्याने खाली येणाऱ्या पोरीचा चेहरा बघायला आईबापांनी तिथे असावंच. आखलेल्या उतारांबाहेर मात्र पाऊल टाकू नका. अफरवतच्या बाजूला हिमस्खलन होतं आणि त्यात माणसं गेलेली आहेत.

परत आलात की खोलीत जाण्याआधी बूट वाळवणीच्या जागी द्या, आतलं अस्तर बाहेर काढून. बूट रात्रभर बाहेर थंडीत राहिले तर प्लास्टिक ताठ होतं आणि सकाळी पायात शिरता शिरत नाही. चांगल्या हॉटेलातला पोऱ्या सांगावं न लागता तुमचे ओले हातमोजे घेतो, बोटं वर करून बुखारीजवळच्या काठ्यांवर अडकवतो, तासाभराने उलटे करतो आणि रात्री खोलीच्या दारात जोड्या लावून ठेवतो. असा माणूस भेटला की त्याचं नाव लक्षात ठेवा आणि त्याला नावाने हाक मारा.

रात्रीच्या जेवणात शाकाहारींनी दाल-भातावर अडकून राहू नये. राजमा, हाख म्हणजे तिथली पालेभाजी, दह्यातली नदरू यखनी (नदरू म्हणजे कमळाचे देठ) आणि दम आलू मागवा. मांसाहारींना रोगन जोश आणि रिस्ता (रश्श्यातले मटणाचे गोळे) हवाच. तिखटाची सवय असलेल्यांना यखनी सौम्य वाटेल, पिशवीतली चटणी त्यासाठीच आहे. कांदा-लसूण न खाणारे असतील तर हे पहिल्या फोनवरच सांगा, ऐन जेवणाच्या वेळी नको.

पाहुणा म्हणून

गालिचा असलेल्या खोलीत बूट बाहेर काढा. सध्या काही वर्षं रमजान फेब्रुवारीच्या आसपास येतो. त्या महिन्यात सूर्यास्ताच्या वेळी कर्मचारी दिवसभराचा रोजा सोडत असतात. अर्धा तास चहा-भजी मागवू नका, आधीच सांगून ठेवा. राजकारणावर वाद घालायला तिथे गेलेलो नाही. त्यांच्या सफरचंदांच्या बागांबद्दल विचारा, आपल्या सोयाबीनच्या भावाबद्दल सांगा. शेती, पाऊस आणि पोरांचं शिक्षण यावर बोलणं सुरू झालं की हमामच्या खोलीत रात्रीचे दहा कधी वाजतात कळत नाही. तक्रार असली तर लगेच आणि शांतपणे सांगा, घरी येऊन ॲपवर लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

परत निघताना

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री गुलमर्गात राहू नका, श्रीनगरला उतरा. बर्फाने रस्ता अडला किंवा धुक्याने विमान रद्द झालं तर ही एक रात्र सांभाळून घेते. स्की आणि बूट गुलमर्ग सोडण्याच्या आदल्या संध्याकाळीच परत करून अनामत घ्या. विम्याची पॉलिसी असेल तर त्यात हिवाळी खेळ येतात का ते निघण्याआधीच तपासलेलं असावं, बऱ्याच साध्या पॉलिसींत येत नाहीत. बक्षिसी देताना वाढप्याइतकाच बुखारी पेटवणारा, पाणी तापवणारा आणि बर्फ उपसून वाट मोकळी करणारा माणूसही लक्षात ठेवा. तो समोर दिसत नाही, म्हणून त्याला बोलावून घ्या आणि त्याच्या हातात द्या. श्रीनगर विमानतळावर तपासणी अनेकदा होते, तेव्हा उड्डाणाआधी तीन तास पोचा, आणि राहिलेली चटणी हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत टाका.